भागाकार आणि बोहारीण

संध्याकाळी साडेपाचला मी आधी खिडक्या बंद करायचे. आमच्या नाहूरच्या इमारतीत यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. कांजूरच्या बाजूने वारा सुटला की कचऱ्याचा वास येतो आणि सगळेच खटाखट काचा ओढून घेतात. मी वास नसतानाही ओढायचे. मग टेबलावरची काचेची बाटली उचलायची, कात्री कपाटावर ठेवायची आणि मुलीला हाक मारायची. समोरची शेजारीण एकदा म्हणालीच, "तुमच्याकडे वास जरा जास्तच येतो नाही हो?" मी म्हटलं, "हो ना. कोपऱ्यातला फ्लॅट."

मुलगी तेव्हा पाचवीत होती आणि गणितात भागाकार चालू होता.

पहिली पाच मिनिटं बरी जायची. ती समास आखायची, तारीख घालायची, खाली दोन रेघा मारायची. अक्षर सुंदर. पहिलं उदाहरण उतरवून घ्यायची आणि थांबायची.

"आठ सत्ते किती?"

ती समासाची रेघ पुन्हा गिरवायची. हे तिला येत होतं. सकाळी दात घासताना विचारलं तर तोंडातला फेस उडवत "छप्पन्न!" म्हणायची. वहीसमोर बसली की छप्पन्न कुठे जायचे देव जाणे.

"अगं, येतं तुला. सकाळी सांगितलंस ना?"

पेन्सिलीचं टोक कागदात रुतायला लागायचं. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं, पण मी आणखी एकदा तरी विचारायचेच. मग वही फाटायची, खुर्ची मागे पडायची, ती टेबलाखाली शिरायची आणि स्वतःच्या मनगटाला चावायची. सोडवायला हात घातला की माझ्या. ओरडणं असं की कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. चाळीस मिनिटं, कधी तासभर. मग नळ बंद केल्यासारखं थांबायचं आणि खालून आवाज यायचा, "भूक लागली." मी पोहे करायचे. ती खायची. वही तशीच राहायची.

मी मुलुंडला एका औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. गोळ्यांच्या बॅचमध्ये दोष सापडला की आमच्याकडे एक फॉर्म भरतात: दोष काय, मूळ कारण काय, उपाय काय, मुदत किती. बावीस वर्षं मी हे फॉर्म भरतेय. सांगायला लाज वाटते, पण मी घरीही एक वही केली होती. दोष: भागाकार करत नाही. मूळ कारण: पाया कच्चा. उपाय: रोज पाढे, वीस मिनिटं. मुदत: दिवाळी. दिवाळी आली तेव्हा मूळ कारणापुढे मी चौथ्यांदा काट मारून पाचवं काहीतरी लिहिलं होतं.

ती आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. त्याआधी तीन वर्षं घाटावरच्या एका गावातल्या अनाथ मुलांच्या संस्थेत. त्याआधीचं तिला आठवत नाही, किंवा ती सांगत नाही. आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेले, तान्हं मूल नको म्हणालो होतो. रात्रीची जागरणं झेपणार नाहीत, असा आमचा व्यवहारी विचार. पहिलं वर्षभर ती इतकी शहाणी होती की लोक आमचं कौतुक करायचे. पाणी प्यायच्या आधी विचारायची. कपड्यांच्या घड्या घालायची. नवरा ट्रॉम्बेला नोकरीला, सकाळी सहा वाजता ऑफिसच्या बसने निघतो. ती साडेपाचला उठून त्याचे बूट दाराशी ठेवायची. तो म्हणायचा, "आपली लॉटरी लागली यार." मला तेव्हाच कळायला हवं होतं. मुलं इतकी शहाणी नसतात. ती घरात राहत नव्हती, परीक्षा देत होती.

चौथीपर्यंत शाळेने सगळ्यांना वर ढकललं. पाचवीला मात्र आता पुन्हा परीक्षा आली आहे. पास व्हावं लागतं. बाईंनी पहिल्याच पालकसभेत मला बाजूला घेतलं. "मराठी छान आहे तिचं. गणित मात्र... तुम्ही घरी बसवता ना?" बसवते, म्हटलं. घरी येऊन मी तिला स्पष्ट सांगितलं, की यंदा नापास झालीस तर सगळ्या मैत्रिणी सहावीत जातील आणि तू इथेच राहशील. माझ्या दृष्टीने एवढंच होतं: एक वर्ष वाया जाऊ नये. तिच्या दृष्टीने काय होतं ते मला फार पुढे कळलं. तिच्या हिशेबात नापास मुलीला परत देतात. संस्थेत एक मोठी मुलगी होती, एका घरी जाऊन आठ महिन्यांनी परत आलेली. का आली, असं बाकीच्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "अभ्यास येत नव्हता." माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिने ते मनात लिहून ठेवलं. मी रोज साडेपाचला तिच्यापुढे ठेवत होते ती गणिताची वही नव्हती. या घरात राहायचं की नाही याचा पेपर होता.

भाऊबीजेला माझा भाऊ मुलाला घेऊन आला. तो अकराचा, तोंडाचा फटकळ. फराळाच्या ताटावरून कटकट चालली होती, "बाबा, हिला चार चकल्या, मला दोनच. मी तुमचा मुलगा आहे ना?"

भाऊ काही बोलायच्या आत मी म्हटलं, "नाहीयेस. तुला बोहारणीकडून घेतलंय. दोन पातेल्यांवर."

"आणि एक झारा," भाऊ म्हणाला. "झारा परत मागितला होता तिने, पोरगं बघून."

सगळे हसले. आमच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येते, आणि प्रत्येक आई आपल्या पोराला कधी ना कधी सांगते, तुला तिच्याकडून घेतलं. मला माझ्या आईने सांगितलं होतं, भावाला सांगितलं होतं. भाऊ एकदा रडत चाळीच्या दारात बसला होता म्हणून आम्ही वर्षभर त्याला चिडवलं. तो विनोद माझ्या तोंडात इतका मुरलेला की बोलताना मी विचारच केला नाही. माझी मुलगी चिवड्याच्या वाट्या वाटत होती. ती सगळ्यांत मोठ्याने हसली. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, हिला आपली थट्टा कळायला लागली.

त्या आठवड्यापासून भागाकार पाच मिनिटंसुद्धा चालेना. तारीख घालतानाच वही ढकलून द्यायची. घरच्या वहीत मी लिहिलं, "सुट्टीमुळे सवय मोडली."

जानेवारीत एका शनिवारी दुपारी बोहारीण आली. आमच्याकडे गेली दहा वर्षं तीच येते. मी दार उघडून गाठोडं सोडलं आणि आमची घासाघीस सुरू झाली.

"ह्याच्यावर कढई नाही बसत बाई. अजून एक साडी टाका."

"ही पँट बघ आधी. दोनदा घातलीय फक्त."

"साहेबांचं पोट वाढलं का?"

"तुला काय करायचंय? कढई दाखव. ही नाही, जाड बुडाची."

गाठोड्यात मुलीचे आखूड झालेले दोन फ्रॉक होते आणि चौथीचा युनिफॉर्म. बोहारीण फ्रॉक उलटापालटा करून म्हणाली, "पोरीचे कपडे छान ठेवलेत." मुलगी खाली खेळायला गेली होती. ती तेवढ्यात जिना चढून वर आली, उंबऱ्याशी थांबली, त्या फ्रॉककडे बघितलं आणि आत गेली. मी कढईचं बूड ठोकून बघत होते.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या पायात शाळेचे बूट होते. पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, भरलेली. ती बोहारणीच्या टोपलीशेजारी भिंतीला टेकून उकिडवी बसली आणि तिला विचारलं, "आत्ताच जायचं का?"

बोहारीण हसली. "कुठं गं जायचं, बाय?"

तिने दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. चाचणीचा पेपर, वीसपैकी तीन. तो तिने दोन दिवस लपवला होता. तिच्या मते आता लपवण्याचं कारण उरलं नव्हतं.

मी कढई खाली ठेवली. बोहारणीला म्हटलं, नंतर ये. ती बाई हुशार. फ्रॉक परत माझ्या गाठोड्यात ठेवून निघाली. मी मुलीला आत घेतलं. बूट काढायला ती तयार नव्हती. बूट घातलेल्या पायांनी सोफ्यावर बसून राहिली.

"अगं, ती मस्करी होती. सगळ्या मुलांना म्हणतात तसं. मलाही म्हणायचे."

"माहितीये मला."

"मग?"

"दादाची मस्करी होती. त्याला कुठून घेतलेलंच नाहीये. मला घेतलंय ना खरंच."

मी तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं. मग तिने त्या मोठ्या मुलीची गोष्ट सांगितली, आठ महिन्यांनी परत आलेल्या. सपाट आवाजात, दुधाचा हिशोब सांगावा तशी.

मी धडाकेबाज बाई आहे. मूळ कारण सापडलं होतं. त्याच संध्याकाळी मी तिला समोर बसवून सांगितलं, "ऐक. पास हो, नापास हो, काहीही होवो. तू इथेच राहणार. कायमची. कळलं?"

तिने विचार केला. "मग अभ्यास कशाला करायचा?"

मी स्वतःसाठी, ज्ञानासाठी वगैरे म्हणाले. ती ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने मी सेल्समनकडे बघते.

समुपदेशक बाईंकडे गेलो. घाटकोपरला, दर बुधवारी. त्या म्हणाल्या, आधी नातं, मग अभ्यास. काही आठवडे गणित पूर्ण बंद ठेवा. आम्ही ठेवलं. साडेपाचला खिडक्या उघड्या. पत्ते खेळलो, भेळ केली, बाल्कनीत कोथिंबीर पेरली. पहिला आठवडा शांत गेला आणि नवरा म्हणाला, "झकास. आपण उगाच तिच्या मागे लागलो होतो." दुसऱ्या आठवड्यात तिने अंथरूण ओलं केलं. तिसऱ्या आठवड्यात शाळेत एका मुलीला ढकललं. मी ओरडले नाही. ओरडायचं नाही असं ठरलं होतं. तिला जवळ बसवून शांतपणे विचारलं, काय झालं.

ती म्हणाली, "तू आता मला शिकवत पण नाहीस."

"तुला त्रास होतो म्हणून."

"त्या परत आलेल्या ताईला पण शेवटी शेवटी कुणी ओरडत नव्हतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सिंकपाशी उभी राहिले. रागावलं तरी परत देणार, लाड केले तरी परत देणार. शिकवलं तर नापास ठरवायला, नाही शिकवलं तर टाकून द्यायला. मी कुठूनही हात पुढे केला तरी तिला त्या हातात तिची परत जायची पिशवीच दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून भागाकार पुन्हा सुरू केला. खिडक्या पुन्हा बंद.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तिने पत्र्याची कंपासपेटी भिरकावली. ती मला मारली होती; लागली नेमक्या त्या वेळी दार उघडून आत आलेल्या नवऱ्याला. भुवईवर तीन टाके पडले. ऑफिसात त्याने कपाटाचं दार लागलं असं सांगितलं. मुलगी टेबलाखालून बाहेर आली नाही; तिथेच झोपली, आम्ही उचलून अंथरुणावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या मागच्या जिन्यात जाऊन संस्थेला फोन लावला. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आमचं दत्तकाचं काम बघितलेल्या ताईंनीच उचलला. "अरे वा! कशी आहे आमची चिमणी?"

"मजेत. एक विचारायचं होतं. समजा कुणाला नाहीच जमलं, तर काय करतात?"

"कुणाला म्हणजे?"

"आमच्या ओळखीत आहेत एक."

त्यांनी आवाज खाली आणला. "त्या ओळखीतल्यांना म्हणावं, काही करायच्या आधी आमच्याकडे येऊन बोला. लगेच या म्हणावं."

सांगते, म्हटलं. डबा न उघडता परत पॅकिंगच्या लाइनवर गेले. त्या दिवशी मी तपासलेल्या बॅचमध्ये एकही दोष निघाला नाही. घरी येताना मला एवढंच वाटत होतं, की ती वेडीबिडी नाही. तिचा अंदाज बरोबर आहे. माझ्याकडे बघून तिला जे दिसतं, ते तिथे आहे.

वार्षिक परीक्षा झाली. महाराष्ट्र दिनाला निकाल. वर्गात मुलं पेढे वाटत होती. बाईंनी प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझ्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला, त्यावरूनच कळलं. मराठीत वर्गात दुसरी. गणितात नापास.

घरी चालत निघालो. उन्हं चढली होती. रस्ताभर ती माझ्या एक पाऊल मागे.

"आता?" पुलावर आल्यावर तिने विचारलं.

"आता पुरवणी परीक्षा. सुट्टीत अभ्यास करायचा."

"आणि त्यात पण नापास झाले तर?"

"परत पाचवी."

"इथेच?"

"इथेच. दुसरीकडे कुठे?"

खालून एक मालगाडी चालली होती. ती जाईपर्यंत आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कधी वाटलं होतं का, मला परत द्यावं?"

समुपदेशक बाईंनी अशा प्रश्नाला काय म्हणायचं ते मला लिहून दिलं होतं. तो कागद पर्समध्ये होता. मी "छे गं, वेडी का तू" म्हणायला तोंडही उघडलं. पण दहा वर्षांच्या त्या मुलीला खोटं माझ्याआधी कळतं. खोटं बोलले असते तर पुढचं काहीच तिने खरं मानलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "एकदा."

"कधी?"

"बाबांना लागलं तेव्हा."

तिने मान हलवली. "मला वाटलंच होतं." गणिताचं उत्तर जुळल्यावर मुलं जशी मान हलवतात तशी. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, पळत सुटेल. काही नाही. मीच म्हटलं, "पण दिलं नाही ना मी?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि पुलाच्या पायऱ्या उतरायला लागली.

पुरवणीत ती पस्तिसाच्या आत राहिली. आता ती पुन्हा पाचवीत आहे. जुन्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर बसतात. मधल्या सुट्टीत जिन्यात भेटायच्या, हल्ली भेटत नाहीत. पुस्तक तेच, उदाहरणं तीच, आणि काही उदाहरणांशेजारी मागच्या वर्षी रुतलेल्या पेन्सिलीची खूण. खरं सांगितल्याने काही सुधारेल अशी माझी समजूत होती. सुधारलं नाही. फक्त आता आरडाओरड्यात एक नवीन वाक्य आलं आहे. पूर्वी ती हे मनात ठेवायची, आता तोंडावर फेकते.

काल पहिल्या उदाहरणालाच पेन्सिल मोडली. "दे ना मग परत! दे! वाटलं होतं ना तुला? संस्थेला फोन कर ना!"

"नाही करणार," मी म्हटलं. "तारीख घाल."

"घालणार नाही!"

"बरं. मी घालते."

मी तारीख घातली. तिने ते पान टरकन फाडलं, चोळामोळा करून माझ्या अंगावर टाकलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, डोळ्याची पापणी न हलवता. ती काय शोधते आहे ते मला माहीत होतं. मी चेहरा जमेल तितका सरळ ठेवला आणि वहीचं पुढचं पान उघडलं. तिने तेही फाडलं. मी त्याच्या पुढचं उघडलं. वही दोनशे पानी आहे.